घरच्या बिअरला औषधाचा वास येतो, पाणी कुठलं वापरू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मूळचे गडहिंग्लजचे, सध्या शिक्षणासाठी इंग्लंडात. घरी तीनदा बिअर केली, तिन्ही वेळा औषधासारखा वास आला. पाणी बदलू का? आणि परत आल्यावर कोल्हापूरच्या पाण्यावर चांगली बिअर होईल का?

शेवटचं आधी सांगतो. इथं घरी करू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरती केलेली बिअरसुद्धा त्यात येते. इंग्लंडात मात्र १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही, तेव्हा हात बसवायचा तो तिथंच बसवून घ्या. मी चार वर्षं डर्बीत होतो, तिथंच शिकलो. आता कोल्हापुरात पाणी तपासण्याचंच काम करतो, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आता तुमचा वास. माझी पहिली बिअर तीन आठवड्यांनी उघडली, ग्लास नाकाशी नेला आणि जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास आला. मी यीस्ट बदललं, भांडी दोनदा उकळून घेतली, तरी दुसऱ्या वेळी तेच. दोष नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा होता. माल्टमधून (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून) आणि यीस्टकडून येणारी फिनॉल नावाची द्रव्यं क्लोरीनला भेटली की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते इतके उग्र असतात की नाकाला कणभर पुरतात. डेटॉलमधलं जंतुनाशकसुद्धा याच कुळातलं. एकदा हा वास बिअरमध्ये बसला की कितीही मुरवा, जात नाही. त्यामुळे क्लोरीन माल्ट भिजवण्याआधीच काढायला हवं.

साधं क्लोरीन असेल तर पाणी पंधरा-वीस मिनिटं खळखळून उकळा, किंवा रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडं ठेवा. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन नि अमोनियाचं संयुग, घालतात, आणि ते असं उडून जात नाही. त्याला कॅम्पडेन गोळी. पंचवीस लिटरला अर्धी गोळी चुरून टाका, ढवळा, पाच-दहा मिनिटांत काम होतं. क्लोरीन असो की क्लोरामाइन, दोन्हीवर चालते, म्हणून मी उकळत बसत नाही, सरळ गोळीच वापरायचो. ही गोळी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपल्याकडे आंब्याच्या नाहीतर लिंबाच्या स्क्वॅशमध्ये टिकण्यासाठी केएमएसची (पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची) पूड घालतात ना, ती किंवा तिचीच सोडियमवाली बहीण. भांडी धुवायलाही ब्लीच वापरत असाल तर आजपासून बंद करा, वास तिथूनही येतो.

एवढं करून पुढची बिअर करा. बहुतेक तुमचा प्रश्न इथंच सुटेल. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) नि बाकीचे क्षार त्यानंतर. मी उलट केलं होतं. पुस्तकातला तक्ता बघून आधी क्षार घातले आणि क्लोरीन तसंच राहिलं.

क्षारांमध्ये सगळ्यात आधी बघायची ती अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. तुम्ही आपल्या भागातले, गुऱ्हाळ पाहिलेलं असणार. काहिलीत रस तापला की गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी काढतो आणि रसाचा आंबटपणा मारायला बेतानं चुना सोडतो. बिअरमध्ये हेच, पण उलट्या दिशेनं. माल्ट गरम पाण्यात भिजवला की त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ५.२ ते ५.६ च्या आत यायला हवा, आणि बायकार्बोनेट चुन्यासारखं त्याला वर खेचतं. पीएच वर राहिला की टरफलातला तुरटपणा उतरतो, फार वेळ उकळलेल्या चहासारखा. काळा भाजलेला माल्ट स्वतः आंबट असतो, तो जड पाण्याला सांभाळून घेतो. म्हणूनच डब्लिनच्या जड पाण्यावर काळी बिअर नावारूपाला आली, पिल्झेनच्या अगदी हलक्या पाण्यावर १८४२ मध्ये सोनेरी बिअर जमली. डर्बीहून वीसेक किलोमीटरवर बर्टन आहे, तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा तिथं खणखणीत लागतो.

जिप्सम किती घालायचं? दहा लिटरला एक ग्रॅम घातलं की लिटरमागे कॅल्शियम सुमारे २३ मिलिग्रॅम वाढतं, सल्फेट ५६. कॅल्शियम ५० च्या पुढे असलं की पुष्कळ झालं. माल्टची गोडी पुढे आणायची असेल तर जिप्समऐवजी कॅल्शियम क्लोराइड घ्या. आरओचं पाणी चालतं, पण ते कोरं असतं, त्यात हे क्षार घालावेच लागतात. घराला मिठाचा सॉफ्टनर बसवलेला असेल तर मात्र ते पाणी घेऊ नका. त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम आलेलं असतं.

कोल्हापूरचं विचारलंत म्हणून सांगतो. शहराला पूर्वी पंचगंगेचं पाणी शिंगणापूर, बालिंग्याहून यायचं, २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचं थेट पाइपलाइननं येतंय. दोन्ही सह्याद्रीच्या पावसाचं, म्हणून हलकं. क्लोरीन काढलं तर फिकट बिअरला अशा पाण्याला फारसं काही करावं लागत नाही. बोअरचं मात्र काळ्या कातळातलं, बायकार्बोनेटचं. मंगळवार पेठेत आमच्या घरी आई अजून तूरडाळ नळाच्या पाण्यातच लावते. बोअरच्या पाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त होतात, तरी दाणा अख्खा राहतो, आणि पातेल्याला पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे उकळल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन खाली बसलेला चुनखडीचा थर.

तुमच्या पाणी कंपनीच्या वेबसाइटवर तिथला पोस्टकोड टाकला की पाण्याचा अहवाल निघेल. त्यात अल्कलिनिटी बहुधा नसते. ती फोन करून विचारा, किंवा मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून केएचचा (अल्कलिनिटी मोजायचा) संच आणून थेंब मोजा. तो आकडा आणि कुठली बिअर करायची आहे ते लिहा, क्षाराचं माप मी काढून देतो.