उघडणाऱ्या पुलाच्या रंगकामाला निघालेल्या मुलीस

कळवा, ठाणे

बाळ, अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या बंदराजवळचा जुना पोलादी रेल्वेपूल, तोही जहाजांना वाट द्यायला उघडणारा, आणि त्याच्या दुरुस्ती-रंगकामावर तू. ऐकून फार आनंद झाला. फोनवर तू विचारलंस, 'काका, रंग कुठला चांगला?' घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

ऐरोलीच्या तुमच्या घराची ग्रिल आठव. दर दिवाळीला तिच्यावर रंगाचा एक हात बसतो आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत पोपडे सुटतात. रंग वाईट नसतो. खाली खाडीचं मीठ तसंच राहिलेलं असतं, ते ओलावा ओढत राहतं आणि रंगाच्या आड गंज चढत जातो. हीच चूक मी तरुणपणी खाडीवरच्या एका गर्डरवर केली. ब्लास्टिंग, म्हणजे ग्रिटच्या बारीक कणांचा मारा करून गंज काढणं, सुरेख झालं होतं, पोलाद चकचकीत दिसत होतं, म्हणून धुण्याचा एक दिवस वाचवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या फ्लँजवर, म्हणजे गर्डरच्या आडव्या पट्टीवर, बारीक फोडच फोड. सगळं पुन्हा खरवडावं लागलं. आमचा मुकादम तेव्हा एक शब्द बोलला नाही आणि त्याचं ते न बोलणं मला अजून टोचतं.

म्हणून आधी गोड्या पाण्याने धुऊन घे, मग ब्लास्टिंग, आणि त्यानंतर ब्रेसल पट्टी, म्हणजे पोलादावरचं मीठ तपासायची चिकटपट्टी, लावून मीठ मोज. ते डोळ्यांना दिसत नाही. हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस जास्त नसेल, तर काम थांबव, मग ठेकेदार कितीही घाई करो. सकाळी हाताला कोरडा लागणारा गर्डर बऱ्याचदा कोरडा नसतो. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधे इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन ही मांडणी चांगली टिकते. पण कडा, कोपरे आणि रिव्हेटची डोकी यांवर आधी ब्रशने वेगळा हात मारून घे. स्प्रेचा रंग कडेवरून मागे सरतो आणि गंज तिथूनच शिरतो.

जुन्या पुलाच्या तळच्या थरात बहुधा शेंदूर सापडेल. आपल्या गावच्या मारुतीला पिढ्यान्‌पिढ्या लावत आले तोच, शिशाचा. पोलादावर त्याने फार इमानाने काम केलं, पण खरवडताना त्याची धूळ माणसाच्या अंगात जाते. पूर्ण आच्छादन, योग्य मास्क, जेवणाआधी हात-तोंड धुणं आणि कामाचे कपडे घरी न नेणं, यात सूट देऊ नकोस. कामगारांच्या रक्तातलं शिसं काम सुरू होण्याआधी तपासून घे आणि पुढेही तपासत राहा. धुळीची किंमत त्यांच्या घरच्या लहान मुलांनी का मोजावी?

जुना रंग निघाला की पूल खरा दिसू लागतो. ते दिवस कुणाला उरकू देऊ नकोस. रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूने बोट लाव आणि दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मार. सैल असेल तर बोटाला कळतं. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज फुगून पत्रे वाकलेले दिसतील, तिथे नुसता रंग म्हणजे जखमेवर पावडर. रिव्हेट बदलताना एक काढून बोल्ट बसव, मगच दुसरा काढ. आणि अँगल, म्हणजे काटकोनी पोलादी पट्टी, बदलणार असशील तर इंजिनिअरला विचार, की पुलाचं स्वतःचं वजन त्या नव्या तुकड्यावर कसं येणार. नुसता बसवला तर जुनं ओझं शेजारचेच वाहत राहतात.

आता तुझ्या पुलाची खरी गोष्ट. मी आयुष्यभर न हलणाऱ्या गर्डरांवर काम केलं. उघडणारा पूल एकदाच पाहिला, रामेश्वरमला जाताना, 1914 चा जुना पांबन. त्याची दोन पाती, म्हणजे वर उचलले जाणारे भाग, माणसं दांडे फिरवून हातांनी उघडत. इतकं वजन माणसांच्या हातांनी उचललं जायचं ते दुसऱ्या टोकाला तोल साधणाऱ्या वजनाच्या जोरावर, अगदी विहिरीवर मागे वजन बांधून पाणी उपसायच्या ओकतीसारखं. गंजाच्या काळजीने डिसेंबर 2022 मध्ये त्यावरच्या गाड्या थांबल्या. शेजारी 72.5 मीटरचा सरळ वर उचलला जाणारा गाळा असलेला नवा पूल उभा राहिला आणि 6 एप्रिल 2025 ला सुरू झाला.

हा तोल तू कधीही विसरू नकोस. कित्येक दशकांचे रंगाचे थर निघाले की पातं हलकं होतं, नवे पत्रे बसले की जड. जे निघेल आणि जे चढेल त्या सगळ्याचं वजन रोज वहीत लिही, नाहीतर तोल बिघडून मोटर, दाते आणि ब्रेक यांच्यावर ताण येतो. परांचीला बांधलेली ताडपत्री वारा धरते. ती असताना पातं उचलायचं की नाही, हे डिझाइनवाल्यांकडून लेखी घे. दात्यांवर, लोळणाऱ्या पट्ट्यांवर, बेअरिंगवर आणि कुलूपदांड्यांवर रंगाचा थेंबही नको, तिथे फक्त ग्रीस. ब्लास्टिंगआधी ते सगळं नीट झाकून घे. एक मूठभर ग्रिट बेअरिंगचा जीव घेऊ शकते.

दात्यांच्या खोलीत माणूस उतरण्याआधी वीज बंद आणि त्यावर त्याचं स्वतःचं कुलूप, चावी त्याच्याच खिशात. पुलाला ठाऊक नसतं की आत कुणी आहे.

पहिल्या दिवशी पूल चालवणाऱ्या माणसाजवळ जाऊन बस. कुठल्या गाड्यांच्या मधे ब्लॉक मिळतो, कुठलं जहाज अचानक येतं, कुठल्या सांध्यातून हल्ली नवा आवाज येतोय, हे तो सांगेल. आणि रंगानंतर पातं पहिल्यांदा उघडेल तेव्हा मला फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझा,
काका