लातूरहून परतलेली मुलगी आणि आंबट द्राक्षे

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. नीटसाठी दोन वर्षे लातूरला राहूनही एमबीबीएसला प्रवेश न मिळालेली आपली मुलगी आता मानसशास्त्र घेऊन बी. ए. करीन म्हणते आणि दिवसभर फ्रॉइड (मनात दडलेली कारणे शोधणाऱ्या मनोविश्लेषणाचे जनक) यांच्याविषयी बोलते; ही खरी आवड की कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे आपण विचारले आहे. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर बसून आपण काढलेली ही शंका त्या शास्त्राच्या अगदी गाभ्यातली आहे.

अपयश झोंबू नये म्हणून मन स्वतःला पटेल असे कारण पुढे करते, त्याला मानसशास्त्रात ‘समर्थन’ म्हणतात. फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मनाची त्रिविध रचना मांडली : तात्काळ सुख मागणारे इदम्, आतून दटावणारा पराहम् आणि या दोघांना सांभाळत बाहेरच्या जगाशी जमवून घेणारा अहम्. या ओढाताणीतून उद्भवणारी चिंता सुसह्य व्हावी म्हणून अहम् नकळत ज्या संरक्षण यंत्रणा वापरतो, त्यांची पद्धतशीर मांडणी त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. ‘समर्थन’ त्यांतलेच एक. मात्र या यंत्रणा म्हणजे आजार नव्हेत. त्या आपण सारेच वापरतो, आणि दुखावलेली ऊर्मी चांगल्या कामाकडे वळवणारे उदात्तीकरणही त्यांतच मोडते.

तेव्हा मुलीच्या बोलण्यात थोडे समर्थन असेलही, पण त्यावरून तिची आवड खोटी ठरत नाही. शिवाय ती हट्ट धरून बसली तर ‘अपयश नाकारते आहे’ आणि माघार घेतली तर ‘अपराधी वाटते आहे’ असे म्हणता येत असेल, तर त्या निदानाला अर्थ उरत नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा मनोविश्लेषणावरचा मुख्य आक्षेप हाच होता, आणि मला तो बऱ्याच अंशी मान्य आहे. कृपा करून जेवणाच्या ताटावर मुलीचे मनोविश्लेषण करू नका. (तिनेही आपले करू नये, हे मी तिला सांगेन.)

आवड पारखायची तर ती अभ्यासाच्या रुक्ष भागावर पारखावी. पदवीच्या अभ्यासक्रमात फ्रॉइड हे एखादे प्रकरण असते. संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, प्रयोग आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांत बराच वेळ जातो. खुद्द फ्रॉइड यांनी विद्यार्थिदशेत, १८७६ मध्ये, त्रिएस्त (आताच्या इटलीतील बंदर) येथे शेकडो ईल मासे चिरून त्यांचे वृषण शोधले होते. तिने बी. ए.च्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातील दोन प्रकरणे महिनाभरात उदाहरणांसह सोडवावीत. त्यानंतरही उत्साह टिकला, तर मी तिच्या बाजूने बोलेन.

पदवीनंतर दोन वर्षांचे एम. ए. आणि त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले चिकित्सालयीन (क्लिनिकल) प्रशिक्षण, अशी ही लांबची वाट आहे. नियम बदलत असल्याने प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत पाहावी. औषधे लिहिण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला असतो, मानसशास्त्रज्ञाला नाही. हे तिला आताच ठाऊक असावे. विज्ञान शाखेची दोन वर्षे वाया गेली असे मात्र मानू नका. भारतातील ख्यातनाम मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांची पहिली पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची होती.

महिन्यानंतर तिला माझ्याकडे एकटीला पाठवा. आपण दुसऱ्या दिवशी या.