उल्का, अग्निगोल की अशनी?

प्रश्न असा आहे: रात्री आकाश उजळत एक गोळा गेला, तर ‘उल्का दिसली’, ‘उल्कापात झाला’ की ‘अशनी पडला’ म्हणायचं?

आकाशात दिसते ती उल्का. जमिनीवर सापडतो तो दगड म्हणजे अशनी. उल्का ही खरं तर वस्तूच नव्हे. साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर वाळूच्या कणाएवढा खडा हवेत शिरला की उमटणारी ती प्रकाशरेषा. म्हणून ‘शेतात उल्का सापडली’ हे चूक. अशनी म्हणजे मुळात इंद्राचं वज्र, वीज. दगडाला हे नाव देणाऱ्याला दाद द्यावी.

‘पात’ म्हणजेच पडणं, त्यामुळे ‘उल्कापात पडला’ नको, ‘झाला’ म्हणा. दरवर्षी ठरावीक दिवसांत एकाच दिशेकडून येतात असं भासतं, त्या उल्कांना ‘उल्कावर्षाव’ हाच शब्द नेमका. अनेकवचनही उल्काच: एक उल्का, दहा उल्का.

अग्निगोल मात्र तेजावर ठरतो. उणे ४ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका कमी तितकं तेज जास्त) किंवा तिच्याहून तेजस्वी, म्हणजे साधारण शुक्राइतकी किंवा अधिक झगझगीत उल्का म्हणजे अग्निगोल. शुक्र मावळलेला असेल तर जमिनीकडे बघा: सावल्या स्पष्ट फिरल्या असतील तर बेलाशक अग्निगोल म्हणा.

सांगणाऱ्याच्या क्रियापदावरूनही पुष्कळ कळतं. ‘तारा तुटला’ म्हणजे सेकंद-दोन सेकंदांचा खेळ; अग्निगोल फार तर काही सेकंद टिकतो. ‘सरकत चाललं होतं, तुकडे रांगेत होते’ आणि हे अर्धा मिनिट किंवा जास्त चाललं, तर बहुधा उपग्रहाचे किंवा रॉकेटचे अवशेष. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम ८ किलोमीटर, उल्कांचा ११ ते ७२. लुकलुकत गेलं तर विमान.

‘गडगडत गेला’ हेही तपासून घ्या. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, म्हणजे तो प्रकाशाच्या बराच मागाहून पोचतो. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर अग्निगोल फुटला, तेव्हा झोत बघायला लोक खिडकीशी गेले आणि धक्का मागाहून आला. काचा त्यांच्याच अंगावर फुटल्या.

आणि ‘टेकडीमागेच पडला’ असं वाटलं तरी तो शंभरेक किलोमीटर दूर असू शकतो. प्रकाश सहसा वीसेक किलोमीटर उंचीवरच विझतो. पुढची काही मिनिटं दगड अंधारातच पडतो. त्या अवस्थेत त्याला उल्का म्हणता येत नाही आणि अशनीही अजून नाही.