भाव विचारण्याआधी काठ बघ

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये, म्हणजे हातमाग-हस्तकलेच्या बाजारात, पहिल्यांदाच चाललीयेस ना? मग भाव विचारण्याआधी कापडाचा काठ बघ. हातमागावर कापड ताणून धरतात, त्याची बारीक भोकं बहुधा दोन्ही काठांना दिसतात. 'हँडलूम मार्क' हे सरकारी चिन्ह असेल तर छानच, पण तो फक्त हातमागाची खात्री देतो, मजुरीची नाही.

म्हणून विक्रेत्याला सरळ विचार, विणकराला आगाऊ किती देता? न्याय्य व्यापाराच्या (फेअर ट्रेड, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार) जागतिक तत्त्वांनुसार हस्तकलेच्या मालाला, मागितल्यास, किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. विणकराने सूत आधी रोखीने घ्यायचं आणि त्याला पैसे मिळणार साडी विकल्यावर, या मधल्या महिन्यांतच सावकार दारात येतो. उत्तर देताना विक्रेता गडबडला तर समजून जा.

घासाघीस मीही करायचे, ठाण्याला पोचेपर्यंत मिरवायचे! आता लाज वाटते. आणि हो, पहिल्यांदा धुताना वेगळं धू, रंग सुटतो.