१७ सप्टेंबरच्या आधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

इतिहास विभागाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. सोबतची यादीही पाहिली. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं व्याख्यान, नोव्हेंबरात वारसा सप्ताह, मग मोडीची कार्यशाळा, सहल आणि १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन. प्रत्येक कार्यक्रमासमोर पाहुण्याचं नाव आहे. पोरांनी काय करायचं, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. माझी काळजी तेवढीच आहे.

१७ सप्टेंबरचंच घे. देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत आल्या आणि पाचव्या दिवशी निजामानं हार मानली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ या लढ्यातल्या नेत्यांची नावं पोरांना तोंडपाठ असतात, कारण दरवर्षी व्याख्यानात तीच येतात. पण त्या साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आता नव्वदीला टेकलंय. ते आपल्या पोरांच्याच घरात, ओसरीवर बसलेलं आहे.

एका वर्षी मी व्याख्यानाआधी महिनाभर विद्यार्थ्यांना गावी पाठवलं होतं. बहुतेकजण कोऱ्या वह्या घेऊन परतले. ‘आजी, रझाकारांनी काय केलं?’ असं निजामाच्या बाजूच्या त्या सशस्त्र टोळ्यांबद्दल थेट विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात, नाहीतर ऐकलेलंच सांगतात. एका मुलीनं मात्र आजीला विचारलं, ‘तेव्हा तुम्ही जेवत काय होता?’ आजी दोन तास बोलली. धान्य कुठं पुरलं, उभ्या ज्वारीत रात्र कशी काढली, लहान भावाला खोकला आला तेव्हा आईनं त्याच्या तोंडात पदर कसा कोंबला, सगळं. त्या वर्षी सभागृहात त्या मुलीनं वही वाचली आणि पाहुणे खाली बसून ऐकत होते.

मुसलमान घरांतही जा. पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे फौजांच्या त्या कारवाईनंतर, त्यांच्यावर काय ओढवलं, हे केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं पाहिलं होतं. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेडही मोजले. ही बाजू सोडून केलेलं टिपण अर्धं राहतं, आणि ते पोरांना आत्ताच कळायला हवं.

टिपताना नाव, गाव, वय आणि तारीख लिहायची, बोलणाऱ्याची परवानगी घ्यायची, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग विभागाच्या संगणकावर त्याच आठवड्यात उतरवायचं. एक प्रत त्या घरी द्यायची.

मोडीची कार्यशाळा चांगलीच आहे, पण इथल्या घरांतल्या ट्रंकांत निजामकाळातले उर्दू कागदही निघतात, कारण राज्यकारभार उर्दूत चालायचा. मोडीच्या गुरुजींशेजारी उर्दू वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराला बसव. पोरांना घरचा एकेक कागद आणायला सांग. स्वतःच्या पणजोबांचं नाव वाचता आलं की ती लिपी ते सोडत नाहीत.

सहल वेरूळ-अजिंठ्याला दरवर्षी जाते, जाऊ दे. यंदा एक दिवस धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला दे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत पैठण आणि तगर ही दोन नगरं येतात. तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं तिथं लिहिलंय. तगर म्हणजे हेच तेर. तिथलं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं. पोरांना आधी या गृहस्थांबद्दल सांग, मग मातीच्या मूर्ती दाखव. शेतात सापडलेलं खापर हातात घेऊन थांबणारा माणूस त्यांना दिसला पाहिजे.

वारसा सप्ताहाचं पुढच्या पत्रात लिहीन. तेरची तारीख ठरली की कळव. लातूरहून एसटीनं मी येतो.

तुझा,
सर