डबा खरंच जप्त झाला होता का? : शालेय आहाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला, की इथल्या एका शाळेत सरकारी एजंटनं चार वर्षांच्या मुलीचा घरचा डबा काढून घेतला आणि तिला चिकन नगेट्स खायला लावले. हे खरं आहे का? पोळी-भाजीचा डबा द्यायचा की नाही?

डबा बिनधास्त द्या. आता त्या बातमीचं.

घटना घडली होती. 30 जानेवारी 2012, होक काउंटीतली एक प्राथमिक शाळा. मुलीच्या डब्यात टर्की आणि चीजचं सँडविच, केळं, बटाट्याचे वेफर्स आणि सफरचंदाचा रस होता. त्या दिवशी शाळेच्या बालवर्गाचं मूल्यमापन करायला बाहेरून व्यक्ती आली होती. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या अशा वर्गांना तेव्हा एक नियम होता : मुलाच्या जेवणात दूध, प्रथिनं, धान्य आणि फळं-भाज्यांचे दोन भाग असावेत, काही कमी पडलं तर ते शाळेनं वरून द्यावं. वरून द्यावं, एवढंच. डबा काढून घ्यायला नियमात कुठेच सांगितलेलं नव्हतं.

मुलीला दूध घ्यायला सांगितलं गेलं आणि घोटाळ्यात तिच्यापुढे शाळेचं अख्खं ताट आलं. त्यातले तीन नगेट्स तिनं खाल्ले. डबा जप्त केलेला नव्हता, असं शाळेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. पुढे राज्याच्या अधिकाऱ्यांनीही मान्य केलं, की तो डबा मुळात नियमात बसत होता, कारण चीज हे दुधातच मोजलं जातं. म्हणजे नियम राबवणाऱ्यालाच नियम नीट ठाऊक नव्हता. आईचा राग रास्त होता.

दोन आठवड्यांनी एका स्थानिक वृत्तपत्रानं ही हकिकत छापली आणि रेडिओवरच्या राजकीय वक्त्यांनी ती उचलली. बघता बघता मूल्यमापक ‘सरकारी एजंट’ झाला, वॉशिंग्टनहून ‘अन्नपोलीस’ आल्याचं सांगितलं गेलं आणि दोष मिशेल ओबामांवर गेला. शालेय आहाराच्या ज्या कायद्याच्या पाठीशी त्या उभ्या होत्या तो डिसेंबर 2010 चा. त्याखालचे आहाराचे नवे निकष त्याच जानेवारीत जाहीर झाले होते आणि लागू व्हायचे होते 2012-13 च्या शैक्षणिक वर्षापासून. शिवाय ते शाळा जे जेवण देते त्याच्यासाठी होते, घरच्या डब्यासाठी नव्हे. निवडणुकीचं वर्ष होतं, एवढं लक्षात घेतलं की ही गोष्ट इतकी का पसरली ते कळतं.

मला याचं वाईट वाटतं ते एका कारणासाठी. त्या गदारोळात खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही : पोषणाच्या नियमात बसणारं म्हणून शाळेनं चार वर्षांच्या पोरीला जे दिलं, ते नगेट्स होते. हे ताट त्या डब्यापेक्षा बरं कसं?

प्रश्न : अमेरिकेच्या संसदेनं पिझ्झाला भाजी ठरवलं, हे कितपत खरं?

असं कुठेही लिहिलेलं नाही. शाळेच्या जेवणात पिझ्झावरची टोमॅटोची घट्ट पेस्ट अर्ध्या कप भाजीच्या जागी धरली जाई, प्रत्यक्षात पेस्ट दोनच मोठे चमचे असली तरी. कृषी खात्याला हा हिशेब बदलायचा होता. नोव्हेंबर 2011 मध्ये संसदेनं निधीच्या विधेयकातून तो बदल अडवला. गोठवलेला पिझ्झा बनवणाऱ्या उद्योगाला हेच हवं होतं. मथळा चुकीचा, पण त्यामागची तक्रार खरी. 1981 मध्ये रेगन सरकारच्या काळातही असंच झालं होतं. मुलांच्या आहारावरचा खर्च छाटल्यावर तोंडी लावण्याच्या पदार्थांना भाजी म्हणून मोजायचा प्रस्ताव आला. लोकांच्या तोंडी ‘केचप म्हणजे भाजी’ हेच राहिलं आणि महिन्याभरात प्रस्ताव मागे घ्यावा लागला. अतिशयोक्ती दोन्ही बाजूंचे लोक करतात.

प्रश्न : महाराष्ट्र सरकारनं शाळेत अंड्यांवर बंदी घातली, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तुमचं मत काय? (एक निवृत्त शिक्षक)

बंदी नाही, गुरुजी. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं आणि न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरलं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं. ‘बंदी’ म्हटलं की सरकारला उत्तर द्यायला सोपं जातं : बंदी कुठे आहे, शासन निर्णय दाखवा! आणि वाद तिथेच संपतो. म्हणून नेमकं बोला. पैसे काढून घेतले, हे बोला. शहरातल्या शाळेला देणगीदार मिळेल. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला लोकसहभाग कुणाकडून मिळणार? ज्या मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचंच अंडं गेलं. माझ्या मते हा निर्णय चुकलाच.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. खिचडीत डाळ शोधावी लागते. विचारलं तर ‘वरूनच एवढं येतं’ असं उत्तर मिळतं. मला काय करता येईल? (एक आई)

ताई, तुम्हाला पुष्कळ करता येईल. देखरेखीचा अधिकार कायद्यानंच तुमच्या समितीला दिला आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली 2015 मध्ये माध्यान्ह भोजनाचे नियम आले, त्यांत हे स्पष्ट आहे.

आधी मापं लिहून ठेवा. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी 150, 30, 75 आणि साडेसात. त्यातून लहानांना 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 आणि 20 मिळाली पाहिजेत. आता सकाळी शाळेत जा आणि हजेरी बघा. लहान वर्गांत 60 मुलं असतील तर पातेल्यात 6 किलो तांदूळ आणि 1 किलो 200 ग्रॅम डाळ पडायला हवी. काटा मागवा, डाळ तुमच्यासमोर मोजू द्या. साठा नोंदवहीत त्या दिवशी किती खर्च दाखवलाय ते ताडून पाहा. हजेरी, नोंदवही आणि पातेलं या तिघांचा मेळ बसला नाही, की तुमच्या हातात तक्रार नव्हे, पुरावा असतो. तो तारखेसह लेखी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यांत एक तरी शिक्षक हवा. आणि एखाद्या दिवशी जेवण शिजलंच नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मुलाला मिळायला हवा. हे फार थोड्या पालकांना माहीत असतं.

मुख्याध्यापकांवर सगळा राग काढू नका, ही विनंती. 1 मे 2025 पासून डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यासाठी लहान मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरले आहेत, मोठ्यासाठी 10 रुपये 17 पैसे. धान्य वेगळं. आजच्या बाजारभावात एवढ्यात काय येतं ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. चोरी आणि टंचाई या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजल्याशिवाय त्यांतली कोणती आहे ते कळत नाही.

देखरेख ढिली पडली तर काय होतं, ते बिहारनं पाहिलं आहे. जुलै 2013 मध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून 23 मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरलं होतं.

प्रश्न : मी तालुक्याचा वार्ताहर आहे. पोषण आहाराची बातमी दिली की अधिकारी ‘अतिरंजित’ म्हणून झटकून टाकतात. काय करावं?

उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचं उदाहरण जवळ ठेवा. ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या एका शाळेत मुलं मीठ-पोळी खाताना पवन जयस्वाल या पत्रकारानं चित्रित केली. प्रशासनानं त्यालाच कटकारस्थानाच्या गुन्ह्यात गोवलं. छापील वृत्तपत्राच्या पत्रकारानं व्हिडिओ का काढला, असाही सवाल जिल्हाधिकाऱ्यांनी केला. शेवटी पोलिसांना त्याचं नाव वगळावं लागलं. बातमी खरी होती आणि ती टिकली, कारण मुलांच्या पानात काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

तुम्हीही तसंच करा. तारीख, हजर मुलं, त्या दिवशी ठरलेला पदार्थ, प्रत्यक्ष वाढलेला पदार्थ, मुख्याध्यापकांचं म्हणणं, सगळं लिहा. मुलांचे चेहरे दाखवू नका. ‘विषबाधा’ हा शब्द वैद्यकीय अधिकाऱ्यानं सांगितल्याशिवाय मथळ्यात घेऊ नका. किती मुलांना उलट्या झाल्या आणि किती जणांना नुसतं तपासणीसाठी नेलं, हे आकडे वेगवेगळे द्या. आणि आठ दिवसांनी त्याच शाळेत पुन्हा जा. बातमी छापल्यानंतर ताटात काय बदललं, ती बातमी आपल्याकडे फारशी कुणी करत नाही.