पायाखालची जमीन कुणाची?

गडकिल्ले, धबधबे आणि समुद्रकिनारे यांबाबत वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पायथ्याला वनसमितीची पावती फाडली, वर गेल्यावर पुन्हा पुरातत्त्व खात्याचं तिकीट. शिवाय पार्किंगचे पैसे वेगळे. एकाच गडासाठी तीन जणांना पैसे घेता येतात का? (बारामती)

येतात, कारण गड एक दिसला तरी जमिनीचे मालक वेगवेगळे असतात. बहुतेक ठिकाणी पायथा गावकऱ्यांच्या मालकीचा किंवा गायरान, मधली चढण राखीव वन आणि माथ्यावरचं बांधकाम पुरातत्त्व खात्याकडे. तेही एकच खातं नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. असंख्य लहान किल्ले तर कुणाच्याच संरक्षित यादीत नाहीत. तिथे वनखातं किंवा महसूल खातं बघतं.

पायथ्याला संयुक्त वन व्यवस्थापन समिती (गावकरी आणि वनखातं मिळून चालवतात ती वनसमिती) घेते ते ‘उपद्रव शुल्क’. पावतीवर समितीचं नाव, शिक्का, क्रमांक आणि रक्कम हवी. कोऱ्या चिठ्ठीवर पैसे मागितले तर देऊ नका आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार करा. जमीन कुणाची हे पाहायचं असेल तर तलाठ्याकडून गट नंबर घ्या आणि सातबारा ऑनलाइन काढा. जागेवर मात्र वनहद्दीचे रंगवलेले दगडी बुरूज (गडाचे बुरूज नव्हेत, हद्दीवर रचलेले दगडांचे ढीग) ओळखता आले तरी पुरे. ते ओलांडले की वनकायदा लागू.

हरिश्चंद्रगडावर तीन दगडांची चूल मांडून खिचडी केली. वनरक्षकाने पातेलं आणि कोयता उचलून नेला. हा अधिकार त्याला आहे का? (कल्याण)

आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 30 प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं गुन्हा आहे. ‘एवढीशी चूल’ हा बचाव फारसा टिकत नाही, कारण हिवाळ्यानंतर डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि घोंगावत्या वाऱ्यात एक ठिणगी पुरते. दुसरी चूक विझवताना होते. माती लोटून निघालं की वरून निखारे मेल्यासारखे दिसतात, पण आत धग राहते आणि पहाटेच्या वाऱ्याला ते पुन्हा फुलतात. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि तळहात जवळ नेऊन गरम लागत नाही ना ते बघायचं. पण गडावर एवढं पाणी खर्चायला कुठून आणणार? सरळ पायथ्याच्या पाचनई गावात कुणाच्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवा.

वस्तू नेल्या तर जप्तीनामा मागा. त्यावर वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या आणि वेळ पाहिजे. प्रकरण तडजोडीने मिटवण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांना असतो, वनरक्षकाला नाही. म्हणून जागेवर बिनपावतीची रक्कम देऊ नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र वनरक्षकाशी धक्काबुक्की केलीत तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा अजामीनपात्र गुन्हा वर चढतो, आणि मग खिचडी फारच महाग पडते.

अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन परवान्याशिवाय चालतो ना? मग किल्ल्यावर का अडवतात? (कोल्हापूर)

पायलटचा परवाना लागत नाही, एवढंच खरं. ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशावरचा हिरवा पट्टा 400 फुटांपर्यंतच्या आकाशाची मोकळीक देतो. खालच्या स्मारकाची किंवा अभयारण्याची परवानगी वेगळी, लेखी आणि आधी घ्यावी लागते. कड्याला आग्या मोहोळ लटकलं असेल तर परवानगी असूनही उडवू नका. पंख्यांच्या आवाजाने माश्या उठल्या की चावे वाटेवरच्या सगळ्यांना बसतात.

सहलीचे पैसे भरले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी धबधब्यांवर बंदी घातली. आयोजक म्हणतो, पहाटे नाका लागायच्या आत पोचू. जावं का? (पुणे)

नको. असा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो (पूर्वीचं कलम 144). तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. जिवाला धोका झाला तर एक वर्ष किंवा पाच हजारांपर्यंत. गुन्हा आयोजकावर होईल तसा तुमच्यावरही. आदेश मुळातून वाचा: ठिकाणांची यादी, तारखा आणि नेमकं काय बंद. कधी फक्त पाण्यात उतरणं बंद असतं, कधी ठरावीक अंतरात गाडीही नेता येत नाही.

30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. घात होतो तो असा: तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, पण वरच्या पठारावर कोसळत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की सामान तिथेच टाकून जवळच्या काठाने उंचावर चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर एकमेकांना धरून थांबलात तर सुटकेची वाट बंद होते.

दूधसागरला कुळ्याहून रुळांवरून चालत जाता येतं, असं मित्र सांगतात. (बेळगाव)

रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. वनखात्याने मान्यता दिलेल्या जीपने जा.

कोकणात वाळूवर गाडी घालणाऱ्यांचं काय करावं? (दापोली)

ऑलिव्ह रिडले कासव साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतं. घरटं दीडेक फूट खोल, वर काहीच खूण नाही. चाकाने वाळू दबते, पिल्लांना वर येता येत नाही. आलीच तर टायरच्या चरात अडकतात आणि उन्हात किंवा कावळ्यांच्या तावडीत संपतात. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. गाडी अडवायला पुढे जाऊ नका. नंबर, वेळ, चाकोरीचा फोटो आणि जवळची खूण घेऊन 1926 या वन हेल्पलाइनला कळवा. भरधाव गाडीने माणसांना धोका असेल तर 112. फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी पोलिसांना द्या, आणि मूळ फाइल पुसू नका.